‘की’ म्हटल्याशिवाय

फोन आला तेव्हा सिद्धेश्वरी गच्चीत वाळत घातलेल्या चादरीची बाजू बदलत होती. बालवाडीच्या रेश्मा मॅडमचा फोन. आवाज शांत होता, पण तो मुद्दाम शांत ठेवलेला आहे हे तिला दुसऱ्याच शब्दाला कळलं. “राजीच्या आई ना? घाबरू नका हं, तसं काही नाही. पण जरा येऊन जाता का? राजीनं डब्यातला पहिला घास तोंडात घातलाय, तो अजून तोंडातच आहे.” “अजून म्हणजे?” “साडेअकराला डबे उघडले मुलांनी. आता एक वाजत आला.” पलीकडं एक मूल रडत होतं, ते राजी नव्हतं, राजीचं रडणं तिनं शंभर रडण्यांतून ओळखलं असतं. चादर अर्धी दोरीवर, अर्धी फरशीवर टाकून ती जिना उतरली, स्कूटी काढली, आणि सबंध वाटेत तिला एकच गोष्ट दिसत राहिली: निळे पडत चाललेले ओठ. पण राजी निळी पडलेली नव्हती. लाल खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून ती बसली होती, डावा गाल फुगलेला, हात मांडीवर. शेजारी सतरंजीवर बाकीची मुलं झोपली होती. रडण्याची खूण नाही, त्रासाची नाही. एसटीची वाट बघत बसलेल्या शहाण्या बाईसारखी ती बसली होती. आईला पाहून ती हसलीसुद्धा नाही, फक्त तोंड किंचित वर केलं, आता तू आलीस ना, अशा हिशेबानं. सिद्धेश्वरी गुडघ्यांवर बसली. वाटेत तिनं बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. त्यातलं काहीच आलं नाही. तोंडातून आलं ते एवढंच, “गिळ.” आणि राजीनं गिळलं. गळ्याशी एक छोटी लाट वरून खाली गेली आणि गाल सपाट झाला. “पाणी,” राजी म्हणाली.

रेश्मा मॅडम बघत होत्या. त्या बघण्यात राग नव्हता. लांबच्या खोलीतलं बटण दाबल्यावर इथला दिवा लागावा आणि माणसानं आधी दिव्याकडं, मग बटणाकडं पाहावं, तसं ते होतं. “आम्ही सगळ्यांनी म्हणून बघितलं हो,” त्या म्हणाल्या, “मी म्हटलं, मावशींनी म्हटलं, गिळ बाळा, गिळ की गं शहाणी. थुंकून टाक म्हटलं, तर तेही नाही. नुसती मान हलवायची आणि दाराकडं बोट दाखवायची.” मग आवाज खाली आणून, “डॉक्टरांना दाखवून घ्या. आणि पुढच्या आठवड्यात डब्याआधी घेऊन जा तिला. त्याच्या पुढच्या सोमवारी परत बघू. नाहीच जमलं तर मग... एक वर्ष घरीच राहू दे. उद्या घास अडकला तर आम्ही काय तोंड दाखवायचं?” डब्याचा तो पहिलाच आठवडा होता. आधीचे चार दिवस डबा भरलेला परत आला होता आणि सिद्धेश्वरीला वाटलं होतं, लाजते. पाचव्या दिवशी पोर धीर करून एक घास घेऊन बसली आणि तिथून पुढं तिला रस्ताच नव्हता.

संध्याकाळी डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि म्हणाले, घसा उत्तम. उत्तम घसा म्हटल्यावर सिद्धेश्वरीला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या अंगावर एक बारीक शिरशिरी उठून गेली, कारण मग जे काही होतं ते घशात नव्हतं. ते तिच्या स्वतःच्या तोंडात होतं. दोन अक्षरांचा शब्द, तोही साधा, आणि त्याच्यावाचून एका जिवंत देहाचा इतका जुना, इतका आपोआपचा स्नायू दीड तास थांबून राहिला होता. बी.एस्सी.ला मायक्रोबायोलॉजी घेऊन तिनं तीन वर्षं सूक्ष्मदर्शकात डोळा घातला होता. डोळ्याला न दिसणारं काय काय करू शकतं याचं तिला नवल राहिलं नव्हतं. पण हे निराळं होतं. हे तिनंच वाढवलेलं होतं, स्वतःच्या हातानं, रोज तीन वेळा, अडीच वर्षं. दीड वर्षाची राजी, ओट्याखाली सांडलेला अर्धा शेंगदाणा, मग तो आवाज, खरं तर आवाज बंद होण्याचा आवाज. सिद्धेश्वरीनं तिला पायांना धरून उलटं केलं होतं आणि पाठीवर मारलं होतं, पुन्हा मारलं होतं, आणि चौथ्या की पाचव्या फटक्याला तो दाणा फरशीवर पडला होता, ओला, गुलाबी, इतका लहान की त्याचा राग येईना. त्या दिवसापासून: चाव. अजून चाव. जीभ दाखव. अजून एकदा चाव. हं, आता गिळ. आणि पुन्हा एकदाही काही अडकलं नाही. सासूबाई नातेपुत्याहून आल्या की कौतुकानं बघत राहायच्या, “लई जपती माझी सून. पोरगी घास बी इचारून गिळती.” तेव्हा तिला ते बक्षिसासारखं वाटलं होतं.

रात्री तिचा नवरा, धनाजी, पलंगावर बसला होता आणि त्याच्यापुढं चादरीवर कपड्यांचे अकरा चिमटे मांडलेले होते. मुलींच्या शाळेत तो खेळाचा शिक्षक, त्यांच्या फुटबॉलच्या संघाचा कोच तोच, मॅनेजर तोच, डबे मोजणारा आणि बसमध्ये उलटी झाली तर पिशवी धरणारा तोच. निळा चिमटा म्हणजे गोलकीपर. तिनं सांगितलं ते त्यानं चिमट्यांवरची नजर न काढता ऐकलं. “गिळ म्हटलं की गिळती, ह्यात वाईट काय? ऐकती म्हणायची पोरगी.” “दीड तास, अहो.” “बरं मग तिला सांगायचं सरळ, मी नसले तरी गिळायचं म्हणून.” “सांगितलं.” “मग?” “म्हणाली, बरं. आणि पुढचा घास तोंडात धरून माझ्याकडं बघत बसली. आत्ता आहेस का नाहीस, असं विचारल्यासारखी.” धनाजी हसला. मोठ्यानं हसला आणि मग हसता हसता मधेच थांबला, निळा चिमटा हातात तसाच राहिला, आणि तो ज्या नजरेनं त्या चिमट्याकडं बघायला लागला ती नजर तिनं महिनाभर रोज पाहिली होती. “तुझं बी माझ्यासारखंच झालं की,” तो म्हणाला.

त्याचं झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी त्या मुली संघ नव्हत्याच. चेंडू जाईल तिकडं दहाच्या दहा धावायच्या, एकमेकींच्या नडग्यांवर लाथा घालायच्या, आणि मागं उघडं रान. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी दख्खनी, दोघी बहिणी मैंदर्गीच्या, त्यांच्या घरी कन्नड. आणि ह्या सगळ्यांना हा नातेपुत्याचा गडी घाईघाईत, घोगऱ्या आवाजात ओरडून सांगणार. धावताना कुणाला काय कळणार? “थांब, थांब, वर बघ, डावीकडं, आता दे की!” ह्यातलं बाकी सगळं वाऱ्यावर जायचं आणि कानात राहायचा तो शेवटचा ‘की’. धनाजीनं तो मुद्दाम निवडला नव्हता. त्याच्या जिभेवर तो होताच, जसा सोलापुरात सगळ्यांच्याच असतो. पण मुलींनी तो उचलला. ‘की’ येईपर्यंत पाय उचलायचा नाही, ‘की’ आला की मारायचा. एकदा त्याच्या हे लक्षात आलं तेव्हा त्यानं तो नियमच करून टाकला, आणि काय झालं म्हणता! तीन महिन्यांत त्या दहाजणी मैदानभर पसरल्या. चेंडू पायाशी थांबायला लागला. सिद्धेश्वरीनं तो पहिला सराव पाहिला होता, राजीला कडेवर घेऊन: एका माणसाच्या तोंडून एक अक्षर निघतं आणि तिकडं साठ फुटांवर एक पाय हलतो, मग दुसरं अक्षर, दुसरा पाय, जणू मैदानाखालून दोऱ्या गेल्या आहेत. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. नाशकात जिंकल्या, रत्नागिरीत जिंकल्या. तिकडं प्रेक्षकांत ‘की’ कोण म्हणणार? चषक कपाटावर आला.

आणि मग गेल्या महिन्यात स्पर्धा घरच्याच मैदानावर आली. अख्खं सोलापूर मैदानाच्या कडेला. “मार की गं!” “पळ की!” “अरे, चहा सांग की!” प्रत्येक ‘की’ला एक पाय सुटला. चेंडू कुठंही. लावण्या म्हणून मधल्या फळीतली पोर, विणकरांच्या घरातली, संघात सगळ्यांत डोक्यानं शांत, तिनं आपल्याच गोलाच्या दिशेनं दोनदा चेंडू मारला. गोलकीपर इफ्रा गोल मोकळा टाकून पुढं आली, कारण तिच्या मागं बसलेल्या एका काकांनी शेजारच्याला म्हटलं होतं, “जरा पुढं सरक की.” तीन गोल झाले. बघणारे पोट धरून हसत होते, ह्या मुलींना झालंय तरी काय, आणि सिद्धेश्वरीला हसू येत नव्हतं. तिला ती एक प्रकारची भव्य गोष्ट वाटत होती, भीती वाटावी इतकी भव्य. माणसानं एक अक्षर बांधून ठेवलं होतं आणि ते आता सगळ्या गावाच्या तोंडातून सुटून येत होतं.

पुढच्या महिनाभरात धनाजीनं काय केलं नाही! आधी शब्द बदलला: ‘की’च्या ऐवजी ‘चटणी’. मुली हसून खाली बसल्या. मग शब्दच बंद, हाताची खूण. तर मुली चेंडू पायाशी ठेवून मान वळवून त्याच्या हाताकडं बघू लागल्या, आणि तेवढ्यात समोरची येऊन चेंडू घेऊन जायची. मग त्यानं सगळ्यांना रिंगणात बसवलं आणि शपथ घातल्यासारखं सांगितलं, “आजपासनं माझ्याकडं बघायचं न्हाय. कळलं का?” मुलींनी माना हलवल्या. आणि लावण्यानं हात वर करून, अगदी मनापासून विचारलं, “सर, कधीपासून? शिट्टी झाल्यावर, का तुम्ही सांगितल्यावर?” हे त्यानं घरी येऊन सांगितलं तेव्हा तो रागावलेला नव्हता. तो थक्क झाला होता. “स्वतःच्या मनानं ठरवा म्हटलं,” तो म्हणाला, “तर प्रत्येक पासनंतर इचारत्यात, बरोबर ठरवलं का सर?”

टीव्हीवर तो परदेशातल्या मॅचेस बघायचा, आणि सिद्धेश्वरी राजीचे कपडे घड्या करता करता खेळाडूंकडं न बघता कडेला उभ्या असलेल्या त्या कोटवाल्या माणसांकडं बघायची. “ह्यानं चार वर्षं ह्यांना शिकवलं मागं थांबायला,” धनाजी सांगायचा, “एक गोल खायचा न्हाय. त्याच्यावर नाव झालं. आता म्हणतोय पुढं जावा, तर कुणाचा पाय उचलत न्हाय.” “मग दुसरं काही शिकवायचं.” “तेच तर शिकवतोय. पण शिकवणारा तोच हाय की.” कोटवाला ओठ आत ओढून उभा असायचा, हात खिशात, त्याच्या मागं पन्नास हजार माणसं, आणि त्याच्या चेहऱ्यावर तिला एक ओळखीची गोष्ट दिसायची. स्वयंपाकघरात, जेवायच्या वेळी, स्वतःला आरशात न बघताही ती तिला माहीत होती. एखादी गोष्ट बिघडली असती तर दुरुस्त करता आली असती. पण ही बिघडलेली नव्हती. ही तर जिंकून आलेली होती. ह्याच गोष्टीनं पोरीचा जीव वाचवला होता, ह्याच गोष्टीनं चषक आणला होता. तिला कुठं धरून म्हणायचं की हे चुकलं? आणि म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं? हातात असलेलं प्रत्येक हत्यार त्याच हाताचं होतं. तिनं त्या आठवड्यात सगळं करून पाहिलं. घास देऊन खिडकीकडं तोंड केलं: राजी उठून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. गोष्ट सांगितली: गोष्ट संपेपर्यंत गाल फुगलेला. आपापलं गिळलंस तर चॉकलेट: राजीनं चॉकलेटही तोंडात धरून ठेवलं, ते विरघळून हनुवटीवर आलं. एकदा ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसली. काही वेळानं दारावर टकटक झाली. तोंडभर घासातून शब्द नव्हते येत, नुसतं “उं? उं?” आणि दाराच्या फटीखाली चार छोटी बोटं. तिनं दाराला कपाळ टेकलं आणि म्हणाली, “गिळ.” बोटं निघून गेली.

शेवटच्या रविवारी सकाळी साडेनऊला मॅच होती, शाळेच्याच मैदानावर. सोमवारी रेश्मा मॅडमकडं जायचं होतं. ऊन अजून तापलेलं नव्हतं, सिमेंटच्या पायऱ्या बसण्यासारख्या होत्या. सिद्धेश्वरी सगळ्यांत वरच्या पायरीवर बसली, शेजारी राजी, पिशवीत मऊ भात, चमचा, पाण्याची बाटली. दोन पायऱ्या खाली इफ्राची आजी चांदबी, तिचं पानाचं पाकीट आणि फडक्यात बांधलेल्या कडक भाकऱ्या घेऊन. एकही मॅच तिनं सोडली नव्हती. “सर मेरेकू बोले, की नक्को बोलो,” ती मागं वळून सिद्धेश्वरीला सांगत होती, “अब मैं इफ्राकी दादी, मेरी पोतीकी मॅच, की नक्को बोली तो बोलूं क्या मैं? मुंडी हलाऊं?” शेजारच्या बायका हसल्या. राजीही हसली, कुणी न सांगता, आणि सिद्धेश्वरीच्या मनात एकदम येऊन गेलं की हसायला हिला माझी परवानगी लागत नाही. मग लगेच, कोण जाणे, उद्या तीही लागेल.

पहिल्या अर्ध्यात मुलींवर दोन गोल झाले. चेंडू आला की मान वळायची, कडेला उभ्या धनाजीच्या हाताकडं. तो हात पाठीमागं बांधून उभा राहिला, तर त्या पाठीमागचं काही दिसतंय का म्हणून वाकून बघू लागल्या. हाफटाइमला तो मुलींशी काहीच बोलला नाही. पाणी दिलं, आणि सरळ पायऱ्या चढून वर येऊन सिद्धेश्वरीच्या मागं, भिंतीला टेकून बसला, डोक्यावर टॉवेल. “सर, छुपके बैठे क्या?” चांदबी म्हणाली. “दिसतोय व्हय मी?” “हौ. पूरे के पूरे दिस रहे.” आणि खरंच, शिट्टी झाली, आणि अकरा चेहरे आधी रिकाम्या कडेकडं वळले, मग खुर्च्यांकडं, मग एकेक करत पायऱ्यांवर चढले आणि टॉवेलावर येऊन थांबले. सिद्धेश्वरी त्या चेहऱ्यांच्या वाटेत बसली होती. अकराजणी तिच्या खांद्यावरून बघत होत्या, घाम पुसत, सोशीक, तयार. त्या नजरेत तक्रार नव्हती, विश्वास होता, आणि तो इतका पुरा होता की तिला बसल्या जागी गुदमरल्यासारखं झालं. धनाजी उठला. पायऱ्या उतरला आणि मैदानाच्या फाटकाबाहेर गेला. फाटक पत्र्याचं, खाली वीतभर मोकळं. त्या फटीत त्याचे बूट दिसत होते. मुली बुटांकडं बघायला लागल्या. तिसरा गोल झाला. मग बूटही निघून गेले.

त्यानंतर जे झालं ते बघणाऱ्यांना काही विशेष वाटलं नसेल. लावण्याच्या पायाशी चेंडू आला. तिनं कडेकडं पाहिलं, पायऱ्यांकडं पाहिलं, फाटकाच्या फटीकडं पाहिलं. तिथं नुसतं ऊन होतं. ती चेंडूवर पाय ठेवून उभी राहिली. तिच्यासमोरची मुलगीही थबकली, ह्यात काही डाव आहे असं वाटून. “अगं, कर की काहीतरी!” कुणीतरी ओरडलं, आणि लावण्यानं केलं नाही. सिद्धेश्वरीला तिचा चेहरा इतक्या लांबून स्पष्ट दिसत होता: एखाद्या अनोळखी घरात दिव्याचं बटण चाचपत असल्यासारखा. तिच्या आत काहीतरी शोधत होतं आणि ते शोधणंच तिला नवीन होतं. मग ती वळली आणि तिनं चेंडू उलटा, मागं, इफ्राकडं ढकलला. काही गरज नव्हती. चूकच होती ती. इफ्रा दचकली, हातात घ्यावा की न घ्यावा ह्या घोळात दोन पावलं नाचली, आणि मग तिनं डोळे मिटून अशी काही लाथ घातली की चेंडू कुंपणाच्या भिंतीवरून थेट रस्त्यावर गेला. रिक्षाचा हॉर्न वाजला. सगळं मैदान हसलं. “क्या मारी गे मेरी शेरनी!” चांदबी उठून उभी राहिली. आणि लावण्या आणि इफ्रा, मैदानाच्या दोन टोकांवरून, एकमेकींकडं बघत होत्या. कुणाच्याही हाताकडं नव्हे. सिद्धेश्वरी कधीची उठून उभी राहिली होती हे तिला कळलंच नव्हतं. अशी फालतू लाथ, आणि तिला वाटत होतं की आपण कुणाचा तरी जन्म पाहिला. तिथं कोणीच नव्हतं आणि आता दोघीजणी होत्या. चेंडू रस्त्यावरून परत येईस्तोवर ती तशीच उभी होती. पुढचा खेळही काही सुधारला नाही, तीन-शून्यच राहिलं, पण मधे मधे, इथं एक, तिथं एक, एखादी मुलगी थांबायची, चाचपायची आणि काहीतरी चुकीचं करायची.

धनाजी चहाच्या गाड्यावरून परत आला तेव्हा शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती. तो तिच्याशेजारी येऊन बसला. “काय झालं?” “तीनच. हरतोय.” “ते दिसलं पाटीवर. खेळल्या कशा? काय वेगळं केलं का?” तिच्या ओठांवर सगळं आलं होतं: लावण्या, मागं दिलेला चेंडू, डोळे मिटून घातलेली लाथ. त्याचा चेहरा इतका आशेनं पुढं आला होता. आणि तिला दिसलं, सांगितलं की उद्या सकाळी सहा वाजता चिमटे मांडले जातील, आणि मुलींना शिकवलं जाईल: अडलं की मागं द्यायचा. “मी नीट बघितलं नाही,” ती म्हणाली. लग्नाला सहा वर्षं झाली होती. ती नीट बघत नाही असं कधी झालं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. त्यानं तिच्याकडं पाहिलं. ती काय लपवते आहे हे त्याला कळलं नसेल, पण काहीतरी जपते आहे एवढं कळलं असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. आणि मग तिनं शेजारी हात नेला आणि शेजारी राजी नव्हती.

पायरी रिकामी. पिशवी, चमचा, बाटली. आणि मग ती दिसली: दोन पायऱ्या खाली, चांदबीच्या मांडीला टेकून, पाठमोरी. समोर मैदान. राजीच्या हातात कडक भाकरीचा तुकडा होता, कडेला टोक असलेला, बाजरीचा, काचेसारखा वाळलेला, जो तिनं चार वर्षांत ह्या पोरीच्या हाताला लागू दिला नव्हता. चांदबीचं तिच्याकडं लक्षच नव्हतं; ती रेफ्रीच्या घराण्याबद्दल बोलत होती. राजीनं तुकडा तोंडाशी नेला आणि चावला. कडाडकन आवाज आला, इतका की वरच्या पायरीवर ऐकू यावा. सिद्धेश्वरीच्या घशात शब्द उभे राहिले, एकामागं एक, रोजच्या सवयीनं: हळू. चाव. अजून चाव. शेजारी धनाजीनंही पाहिलं होतं, आणि त्यानं तोंड उघडलं. तिनं त्याचं मनगट धरलं. नखं रुतेपर्यंत धरलं. ती दोघं आपल्या मुलीच्या पाठीमागं बसून होती आणि दोघांच्याही तोंडात शब्द भरलेले होते.

पाठीमागून मूल असं दिसतं हे तिला माहीत नव्हतं. किती महिने झाले, ही पोर नेहमी तिच्याकडं तोंड करून होती. जेवताना, खेळताना, झोपेतसुद्धा. आता तिला मान दिसत होती, बारीक, मधोमध एक खोलगट रेघ असलेली, केसांतून वर आलेले दोन कान, आणि उन्हात त्या कानांच्या कडा लाल पारदर्शक. कानाखाली काहीतरी उठत होतं, बसत होतं, उठत होतं. जबडा चालला होता. मग तो थांबला. सिद्धेश्वरीला वाटलं, आता. आता वळेल. आता मान वळेल, फुगलेला गाल माझ्याकडं येईल, आणि मी म्हणेन, आणि उद्या सोमवार. खाली रेफ्रीनं घड्याळ पाहिलं. आणि तो गिळणारा गळा, तो तर पलीकडच्या बाजूला होता, तिला दिसणार नव्हता, कधीच दिसणार नव्हता. पलीकडं काय होतं आहे ते आता पलीकडचंच होतं. तिला दिसत होते ते फक्त दोन कान. ते हलले. अगदी थोडे, मागं सरून पुन्हा पुढं आले, लाल कडांसकट, जसे हे जग झाल्यापासून प्रत्येक गिळणाऱ्या प्राण्याचे हलत आले असतील.

राजीनं मान वळवली नाही. समोरच्या मैदानावर एक मुलगी एकटीच चेंडू घेऊन चुकीच्या दिशेला पळत सुटली होती, आणि ते बघता बघता तिनं रिकामा हात बाजूला पसरला, चांदबीपुढं.